पाचरीचं बाकडं

मॉन्टपेलियर, व्हरमाँट
रविवार, १७ जानेवारी १९६५

प्रिय अल्मायरा मावशी,

आधी गेल्या पत्रातली चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. मी लिहिलं होतं की पहिल्या दिवशी विधानसभेत सचिवांनी 'थर्झा कोलबर्न' असं माझं नाव पुकारलं आणि मी 'हजर' म्हणाले. तसं झालं नाही. माझं नाव तिथे कुणी घेतलंच नाही. सचिव म्हणाले, "टोलमन." आणि मी 'हजर' म्हणाले. घाईत लिहिताना मी स्वतःलाच मध्ये घुसवलं. दोन रात्री हे डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहिते आहे.

कारण खरी गोष्ट खोट्यापेक्षा कितीतरी मोठी होती. इथे माणसाला नावच नसतं, मावशी. बोलायला उभं राहिलं की 'टोलमनच्या सदस्या' म्हणतात. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला घेवड्याचे दाणे मांडून गावं शिकवलीस, एका गावाला एक दाणा, मग ते बर्लिंग्टन असो की टोलमन. तीच गावं इथे जिवंत होऊन उत्तर देत होती. अ‍ॅडिसन, हजर. अल्बनी, हजर. कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा बाईचा, कुणी खोकून मग 'हजर' म्हणालं. बर्फातून, डोंगरातून, दुभत्या गाई शेजाऱ्याच्या हवाली करून ही माणसं आली होती, आणि दीडशेहून जास्त वर्षं अशीच येत होती. मला वाटलं, आपलं सगळं राज्य या एका खोलीत मावलं आहे आणि एकेक करून 'मी आहे' म्हणतं आहे.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर लेडयार्डचे सदस्य बसतात. लायमन पीझली. गाई पाळतात, सत्तरीच्या पुढचे आहेत. हजेरी संपली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पहिल्यांदा?"

"हो."

"रडू येतंय?"

"नाही."

"मग नाकातून वाहतंय ते काय आहे?"

आणि त्यांनी रुमाल दिला. धुऊन, इस्त्री करून परत केला आहे.

आता काळजीची गोष्ट. न्यायालयाचा हुकूम तुला ठाऊकच आहे. बर्लिंग्टनच्या पस्तीस हजार माणसांना एक मत आणि आपल्या टोलमनच्या पाऊणशे माणसांनाही एकच, हे यापुढे चालणार नाही. एक तर याच विधानसभेने नवा नकाशा करायचा, नाहीतर न्यायालय करेल. नव्या नकाशात टोलमनची जागा राहणार नाही. तीन-चार गावं मिळून एक सदस्य. म्हणजे ज्या हजेरीने मला रडवलं ती मोडायची की नाही, यावर मलाच मत द्यायचं आहे. मी चोवीस वर्षांची आहे. हिवाळ्यात इथे येऊन राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मी निवडून आले. हे काम माझ्या वाट्याला यायला नको होतं.

तुझी,
थर्झा

टोलमन
२६ जानेवारी

प्रिय थर्झा,

पत्र मिळालं. चूक माफ. एवढ्यासाठी दोन रात्री जागणाऱ्या माणसाला राज्य चालवायला पाठवलं याचं मला फार समाधान आहे, पण तू झोप.

इकडे पाणी पंपातच गोठलं. तुझ्या बापाने गरम पाणी ओतून ओतून तो सुरू केला आणि मग माझ्या ओसरीवर घसरून पडला. त्याला काही झालं नाही. ओसरीची एक फळी गेली. दुकानात तुझी चौकशी रोज होते. वॉलेस टटल म्हणाला, "आपली सदस्या टीव्हीवर दिसेल का?" मी म्हटलं, "तुझ्याकडे टीव्ही आहे का?" तो म्हणाला, "नाही, पण दिसणार असेल तर आणतो." आजवर त्याने आणलेला नाही.

त्या विधानभवनाच्या सोनेरी घुमटाने दिपून जाऊ नकोस. आत लाकूडच आहे. सोनं वरवरचं आहे, आणि ते तसं असायला काही हरकत नाही.

नकाशाबद्दल तू मला विचारणार, हे मला शेवटच्या परिच्छेदात दिसतंच आहे. विचारू नकोस. तुला वाचायला मी शिकवलं. मत द्यायला शिकवलेलं नाही, आणि आता शिकवणार नाही.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. तुझ्या पायांसाठी आहेत. पीझलींना देऊन टाकू नकोस.

मावशी

मॉन्टपेलियर
रविवार, २८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मंगळवारच्या गावसभेला मी येऊ शकत नाही. मला गालगुंड झाले आहेत. विधानसभेत साथ आली आहे. अर्धी मागची रांग फुगलेल्या गालांनी घरी बसली आहे. डॉक्टर म्हणाले, गावात गेलात तर गावभर कराल. मी आयुष्यात एकही गावसभा चुकवलेली नाही, आणि ज्या वर्षी मी गावाची सदस्या आहे त्याच वर्षी माझी खुर्ची रिकामी राहणार. ऑरिनकाकांना सभापती म्हणून मी वेगळी चिठ्ठी पाठवली आहे, पण तूही सांग की हे ढोंग नाही.

आजारी पडायच्या आधी मी जे ऐकलं ते मात्र लिहायलाच हवं. नकाशावर पहिल्यांदा चर्चा झाली. डोंगरातल्या एका गावचे सदस्य उठले. त्यांचा कोट कोपरावर ठिगळ लावलेला होता. ते म्हणाले, "अध्यक्ष महोदय, आमच्या गावाला वीज उशिरा आली. रस्ता उशिरा आला. डॉक्टर अजून यायचा आहे. वेळेवर मिळालेली एकच वस्तू म्हणजे ही खुर्ची. ती आमच्या पणज्यांच्या वेळेपासून आहे." मग खाली बसले.

मग एका मोठ्या शहराच्या सदस्या उठल्या. त्या शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, "या सद्गृहस्थांच्या गावात जेवढे मतदार आहेत तेवढी मुलं माझ्या एका वर्गात आहेत. ती मोठी झाली की शहरातल्या हजारोंबरोबर एका मताच्या चिमटीत बसतील. माणसं सारखी असतात असं मी त्यांना फळ्यावर लिहून देते. ती मला विचारतात, बाई, खरंच?"

कुणी ओरडलं नाही. कुणी कुणाला खोटं पाडलं नाही. मावशी, ही माणसं स्वतः इथे असावीत की नसावीत यावर वाद घालत होती, तेही हात वर करून, पाळीपाळीने! दुपारी ते दोघं उपाहारगृहात एकाच टेबलावर अ‍ॅपल पाय खात होते. आपण काय बघतो आहोत हेच मला कळेना. जगात कुठे कुठलं सरकार स्वतःच्या खुर्च्या स्वतः मोडायला असं शांतपणे बसलं असेल?

पीझली म्हणतात, "मी 'नाही' म्हणणार. मला हरायला येतं. मी चाळीस वर्षं घोडे विकत घेताना फसत आलोय."

मी कुठे झुकते आहे ते लिहिते, कारण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाही. त्या बाईंच्या बाजूने. आणि मला त्याची भीती वाटते. तू विचारू नको म्हणाली होतीस. तरी विचारते: तुझं काय म्हणणं?

थर्झा

टोलमन
बुधवार, ३ मार्च

प्रिय थर्झा,

कालची सभा जशी झाली तशी लिहिते. माझं म्हणणं त्यात शोधू नकोस.

बर्फ असूनही सगळे आले. बीन्स, काळा पाव, लोणचं, आणि माझे चार अ‍ॅपल पाय. डेलिया मार्शचा अ‍ॅपल पाय खालून जळला होता आणि सगळ्यांनी तो आधी संपवला, म्हणजे तिला वाईट वाटू नये. मी नेहमीच्या बाकड्यावर, मागे शेगडीपाशी बसले होते. रस्त्याचा विषय झाला, शाळेच्या छताचा झाला, कुत्र्यांचा झाला. मग ऑरिनने विचारलं, "पत्रकातले विषय संपले. आयत्या वेळचा काही विषय?"

वॉलेस टटल उठला. "आहे. आपली थर्झा."

"तिला काय झालं?"

"गालगुंड!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

"गालगुंड बरे होतील," वॉलेस म्हणाला. "जागा गेली की परत यायची नाही. मी सुचवतो, गावाने तिला सांगावं की नकाशाला 'नाही' म्हण."

डेलिया म्हणाली, "पोरीला बांधून घालायचं होतं, तर निवडून कशाला दिलं?"

"तू जाणार होतीस का जानेवारीत?"

"माझ्या कोंबड्या कोण बघणार?"

"तेच म्हणतो मी."

ऑरिनने हातोडा आपटला. "मला वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला काय वाटतं ते त्याने सांगितलं नाही. मग तुझा बाप उठला. आसा सभेत बोलत नाही हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, "ती शहाणी आहे. पण माझ्या बापाचा बाप त्या खुर्चीवर बसला होता." एवढंच. मग हात वर करायला सांगितले. सभागृहभर हात वर गेले, तुझ्या बापाचाही. विरोधात एकटी डेलिया.

माझा हात मांडीवरच होता.

गावाचा ठराव ऑरिन तुला पाठवेल. भरपूर पाणी पी आणि गालांना गरम फडकं बांध.

मावशी

मॉन्टपेलियर
९ मार्च

प्रिय मावशी,

ठराव मिळाला. खाली ऑरिनकाकांनी हाताने लिहिलं आहे, 'लवकर बरी हो.' मी तो तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा बाबांचा हात दिसला.

एक गोष्ट मला लगेच दिसली, आणि तुलाही दिसली असणार, कारण मला ती तूच शिकवलीस. दुकानाच्या दारावर आधी न लावलेल्या विषयाने गाव बांधलं जात नाही. आयत्या वेळी काहीही बोलता येतं, पण ठरवता काही येत नाही. म्हणजे हा ठराव माझ्यावर बंधनकारक नाही. पीझलींना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग सुटलीस की! एवढ्याशा फटीतून माझी वासरं पण पळतात." मी हसले नाही. ती फट मला नको आहे. ते हात खरे होते.

ज्याच्यावर मी टेकून उभी आहे ते वेगळंच आहे. तुझा हात मांडीवर राहिला. सगळं गाव एका बाजूला असताना तू त्यांच्याबरोबर गेली नाहीस. तू काही बोलणार नाही म्हणालीस, पण मला कळलं. तू माझ्या बाजूची आहेस. त्या एका हातामुळे मला रात्री झोप लागते.

तुझी आभारी,
थर्झा

मॉन्टपेलियर
ईस्टर, १८ एप्रिल

प्रिय मावशी,

महिना उलटून गेला आणि तुझं पत्र नाही. मला वाटलं मेपलच्या रसाचा हंगाम असेल, तू पाक उकळण्यात अडकली असशील. मग वाटलं चिखलाने टपाल अडलं असेल. मग वाटलं तू आजारी आहेस. पण बाबा लिहितात की तू ठणठणीत आहेस आणि त्यांना पाकाचा पहिला डबाही दिलास. म्हणजे कारण मीच आहे. कारण काय ते मला गुरुवारी कळलं.

पुन्हा एकदा चूक दुरुस्त करते आहे, पण ही एका पत्रातली नाही. जन्मापासूनची आहे.

समितीच्या खोलीत भिंतीवर नवा नकाशा लावला आहे. प्रत्येक मतदारसंघाला रंग. मी टोलमन शोधलं. आपण फिक्या हिरव्यात आहोत, शेजारच्या दोन गावांबरोबर. बाजूला जुना नकाशा होता, त्यात प्रत्येक गाव वेगळ्या रंगाचं. त्यात आपल्या गावाच्या उत्तरेला एक पांढरी, निमुळती पट्टी होती. मला वाटलं, रंगवायची राहिली. समितीच्या चिटणीसबाईंना विचारलं.

"ती का? ती पाचर," त्या म्हणाल्या. "जुन्या मोजणीदारांनी दोन गावांच्या रेषा आखल्या, त्या जुळल्या नाहीत. मध्ये उरलं ते कुणाचंच नाही. अशा बऱ्याच आहेत राज्यात."

"तिथे माणसं राहतात."

"राहतात की. नव्या नकाशात तुमच्यात घातलीत."

"आत्ता त्यांचा सदस्य कोण?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाण्याचा रंग विचारला. "ते गाव नाही ना. गाव नसेल तर सदस्य कसा?"

मी बोटाने ओढा धरून वर गेले. ओढ्याच्या वळणावर तुझं घर आहे. रेषा त्याच्या बरोबर मधून जाते.

मावशी, आपल्या घरात ही किती जुनी थट्टा आहे! अल्मायरा स्वयंपाक टोलमनमध्ये करते आणि झोपते पाचरीत. मी लहानपणी तुझ्या उंबऱ्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहायचे. आणि जिथे माणूस झोपतो तिथला तो मतदार, हा नियमही तूच शिकवलास. दोन्ही गोष्टी मला येत होत्या. त्या मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नाहीत. तू दर मार्चला सभागृहात असायचीस. दोरीच्या मागे, मत नसलेल्यांच्या बाकड्यावर, शेगडीपाशी. मला वाटायचं, तुला थंडी वाजते.

तू हात वर केला नाहीस, कारण तुला तो वर करायचा हक्कच नव्हता. आणि मी त्याचे आभार मानले.

पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, सगळं राज्य 'मी आहे' म्हणतं आहे. तू टेबलावर दाणे मांडताना 'ही झाली सगळी गावं' म्हणायचीस. 'सगळी माणसं' तू कधीच म्हणाली नाहीस. माणसं मी धरून चालले.

मला दोन गोष्टी सांग. तू मला हे का नाही सांगितलंस? आणि पलंग भिंतीपलीकडे का सरकवला नाहीस? दहा पावलंसुद्धा नाहीत.

थर्झा

टोलमन, म्हणजे पाचर
२५ एप्रिल

प्रिय थर्झा,

तुझ्या मार्चच्या पत्राला काय उत्तर द्यावं ते मला कळलं नाही. आभार नाकारावे तर कारण द्यावं लागलं असतं, आणि कारण दिलं असतं तर तुझ्या कोपराला धक्का दिल्यासारखं झालं असतं. लिहिणाऱ्याच्या कोपराला धक्का द्यायचा नाही हे मी तुला चौथ्या वर्षी सांगितलं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि पाक उकळला. या वर्षी चांगला झाला आहे, फिका आणि पातळ.

सांगितलं का नाही, त्याचं हे उत्तर झालं. आता पलंग.

ऑरिन बॅचेल्डर दर वर्षी सभेच्या आधी येतो, कॉफी पितो आणि म्हणतो, "अल्मायरा, दोन माणसं पाठवू का? पलंग उचलून स्वयंपाकघरात ठेवतो. चूल आहेच, उबेला झोपशील, आणि मंगळवारी हात वर करशील." चांगला माणूस आहे. मी म्हणते, "स्वयंपाकघरात पलंग ठेवला तर तू कुठे बसून कॉफी पिशील?" तो म्हणतो, "पलंगावर." मी म्हणते, "मग गाव काय म्हणेल?" आणि तो लाल होऊन निघून जातो. ही आमची गंमत आहे. आम्ही दोघंही म्हातारे झालो तरी ती चालू आहे.

खरं कारण मी त्याला सांगितलेलं नाही. तुला सांगते.

माझ्या पुढे रस्त्याला बीमन कुटुंब आहे. त्याच्या पुढे म्हातारा गोव्ह आणि त्याची बहीण. त्याच्याही वर लाकूडतोड्यांची दोन घरं. त्यांच्या घरातून कुठलीही रेषा जात नाही. त्यांनी पलंग कुठेही सरकवला तरी ते पाचरीतच. मी माझा सरकवला तर मी आत आणि ते बाहेर, आणि मग ते बाकडं रिकामं. रिकाम्या बाकड्यावर लोक कोट ठेवतात. मी तिथे बसते म्हणजे वर्षातून एक दिवस तरी ऑरिनला हात मोजताना माझ्यावरून नजर पुढे न्यावी लागते. त्याला ते जड जातं. मी बघितलं आहे. ते जड जावं म्हणूनच मी बसते.

याने काही बदललं नाही. मी अ‍ॅपल पाय भाजते आणि बसते, एवढंच.

आता नीट वाच. माझ्यासाठी मत देऊ नकोस. दिलंस तर मी दार उघडणार नाही, आणि दारं मला दोन आहेत. मावशीला सदस्य मिळावा म्हणून बापाच्या आजोबाची खुर्ची मोडायची, हे मत नव्हे, घरगुती उपकार आहे. आणि वॉलेस टटलला मूर्ख समजू नकोस. टोलमन हे नाव त्या सभागृहात पुन्हा घेतलं जाणार नाही. पूल वाहून गेला तर कुणाला सांगायचं, हे त्याला कळेनासं होईल. त्याची भीती खरी आहे. दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर आल्या आहेत. तुला निवडावं लागणार, आणि मी मदत करणार नाही.

मोजे पीझलींना दिलेस, हे त्यांनीच आभाराचं पत्र लिहून मला कळवलं. दुसरा जोड विणते आहे.

तुझीच,
मावशी

मॉन्टपेलियर
बुधवार, ५ मे

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं आणि आठवडाभर काही लिहिलं नाही. मनातल्या मनात मात्र सारखी लिहीत होते.

घुमट मी रोज बघते. सकाळी ऊन पडलं की तो पेटल्यासारखा दिसतो. जानेवारीत मला वाटायचं, माणसाने घडवलेलं याहून मोठं काही मी बघणार नाही. आता वर बघताना मला शेगडीपाशी बसलेली एक बाई दिसते, जी पंचवीस मार्च महिने एका बाकड्यावर बसून राहिली, पलंग न सरकवता. पंचवीस हा आकडा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर कळव. तुला हे वाचून राग येईल, पण मला ते लिहिल्याशिवाय राहवत नाही: मी तुझ्या हाताखाली शिकले, आणि माझ्या गुरूची उंची मला नकाशा बघून कळली.

तू म्हणालीस तुझ्यासाठी नको. म्हणून मी स्वतःची उलटतपासणी घेतली. तुझं घर पाचरीत नसतं, टोलमनच्या मधोमध असतं, तर? मी बीमनांच्या मुलांची नावं आठवायचा प्रयत्न केला. मोठ्याचं येतं. बाकीच्यांची येत नाहीत. ओढ्याच्या काठी वाढले मी, आणि मला ती येत नाहीत. त्या शिक्षिकाबाईंच्या वर्गातल्या मुलांचीही येत नाहीत. ज्यांची नावं मला येत नाहीत, त्यांना कुणी पुकारावं की नाही, एवढाच प्रश्न आहे. त्याला उत्तर द्यायला मला तू लागत नाहीस. हे मी प्रामाणिकपणे तपासलं आहे. शंभर टक्के खात्री आहे असं म्हणत नाही. तुझं प्रेम वजा करून बघता येत नाही, फक्त बाजूला ठेवता येतं. ते ठेवलं, तरी उत्तर 'होय' आलं.

आणि तरी टोलमनचं नाव जाईल या विचाराने मला जेवण जात नाही. काल पीझलींनी विचारलं,

"ठरलं?"

"ठरलं. होय."

"गावाने नाही सांगितलं असताना?"

"गावाने आयत्या वेळी सांगितलं. ते बंधनकारक नाही. पण मी ते कारण वापरणार नाही."

"मग कुठलं वापरणार?"

"कुठलंच नाही. आधी जाऊन त्यांना सांगणार. तोंडावर. मग मत देणार."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुली, इथे लोक मत देतात आणि मग महिनाभर दुकानात जात नाहीत. तुला उलटं सुचलं."

"मला बोलता येणार नाही. माझा आवाज बसतो. वॉलेसकाका मध्ये बोलतील, आणि बाबा काहीच बोलणार नाहीत, ते त्याहून वाईट."

"जाणार कशी? बस तुमच्या फाट्याच्या पुढे येत नाही."

"चालत."

"चिखलातून." ते म्हणाले. "मी 'नाही' म्हणणार आहे, माहीत आहे ना? आणि तरी तुला 'होय' सांगायला माझ्या गाडीतून न्यायचं. म्हाताऱ्याला दुसरी कामं नाहीत का?" मग म्हणाले, "किती वाजता निघायचं?"

मतदान पुढच्या शुक्रवारी, चौदा तारखेला आहे. त्या दिवशी मी काय म्हणेन ते मी आधी टोलमनच्या सभागृहात सांगणार आहे. ऑरिनकाकांना पत्र टाकलं आहे. त्यांनी दुकानाच्या दारावर सूचना लावावी, विषय लिहावा, म्हणजे या वेळी कुणाला आयत्या वेळी काही ऐकावं लागणार नाही. राजीनामा मागितला तर तोही तिथेच लिहून देईन आणि दुसरा कुणी 'नाही' म्हणायला इथे येईल. हे सगळं मी त्यांना आधीच कळवलं आहे. मी हरू शकते. पण माझं मत मी त्यांच्या पाठीमागे देणार नाही.

बाबांना तू आधी काही सांगू नकोस. त्यांना मी सांगायला हवं. बीमनांना मात्र सांग, आणि गोव्ह भावंडांना, आणि वरच्या घरांना. दोरीच्या मागे का होईना, त्यांनी यावं. खुर्च्या पुरल्या नाहीत तर उभं राहावं. मला ते सगळे दिसायला हवेत, कारण मी तुझ्या एकटीकडे बघून बोलले तर पुन्हा तीच चूक होईल.

चर्चची प्रार्थना संपली की लगेच, जेवणाच्या आधी, मी उभी राहणार आहे: रविवारी, नऊ मे रोजी.

थर्झा